जमीन बघायच्या आधी रस्ता बघ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परत परत वाचला. कॅनडातल्या व्हँकुव्हर आयलंडच्या उत्तर टोकाकडे जमीन घ्यायची, नवरा नि दोन वर्षांचं लेकरू घेऊन समुद्राकाठी राहायचं, कल्पना मला आवडली, अगदी मनापासून. पण जायच्या आधी त्याच टोकावरच्या केप स्कॉटचं ऐक.

1897 मध्ये रासमुस हान्सन आणि त्याच्या बरोबरची डॅनिश कुटुंबं तिथे वसायला गेली. कामाला वाघ होती ती माणसं. खाडीतलं गवताळ रान शेतीखाली आणायला त्यांनी हातानी लांबलचक बांध घातला, आणि तो पुरा होतोय तोच वादळात भरतीने फोडला. आपल्या अलिबागकडे खारेपाटात बांधाला खांड गेली की घरात कशी अवकळा येते ते मी लहानपणी बघितलंय, म्हणून हे वाचताना पोटात तुटलं. तरी त्यांनी दुसरा बांध घातलाच गं! म्हणजे कष्टात कमी पडले नाहीत, हे मी तुला ठासून सांगतो.

अडलं ते रस्त्यापाशी. सरकारने कबूल केलेला रस्ता झालाच नाही, होडी लावायला आडोशाचं बंदर नाही, मग लोणी केलं, गुरं पोसली तरी विकायची कुठे? 1906 मध्ये तिथल्या एका 12 वर्षांच्या मुलाच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि पोरगं गेलं. त्याचा दगड अजून जंगलात आहे. नंतर काही वर्षांत बहुतेक घरं उठली. 1910 नंतर नवी माणसं आली, तीही टिकली नाहीत, आणि 1973 पासून तिथे प्रोव्हिन्शियल पार्क, म्हणजे प्रांत सरकारचं राखीव उद्यान, आहे.

तू मला जमिनीचे फोटो पाठवलेस, सगळे ऑगस्टमधले, निळं पाणी वगैरे. मला त्यातलं काही नको. रात्री दोनला लेकराला ताप भरला तर दवाखाना किती तासांवर, वाटेतला लॉगिंग रोड, म्हणजे लाकूडतोडीच्या ट्रकांचा रस्ता, झाड पडून बंद झाला तर कोण उघडतं, आणि बारा महिने तिथे राहणारं शेजारी कोण, हे लिहून पाठव. "रस्ता होणारे" असं एजंट म्हणाला असेल तर तो नाहीच असं धरून हिशोब कर. आणि व्यवहार करायच्या आधी नोव्हेंबरात, पावसात, दोघं मिळून पंधरा दिवस तिथे राहून या. लेकराला तेवढे दिवस आमच्याकडे ठेव, काकू खूश होईल.

तुझा,
काका