आधी आरसा झाकून ठेवा

विंगेतून : नाटकवेड्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ४४. मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब लिहितो. कॉलेजात असताना चार-पाच एकांकिका केल्या, नंतर संसार आणि वह्या. आता ओळखीतली एक हौशी संस्था फार्स बसवतेय. शब्द कमी, धडपड जास्त. पुढच्या रविवारी निवड चाचणी आहे. सूचनेत लिहिलंय, उतारा पाठ करून आणू नका, सैल कपडे आणि न घसरणारे बूट घालून या, प्रसंग तिथंच दिले जातील. माझं पाठांतर चांगलं, आणि नेमकं तेच त्यांना नको! उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. परवा घरी आरशासमोर पडून पाहिलं, तर खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. तयारी काय करू? की या वयात नादच सोडू?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पहिलं काम, आरसा झाकून ठेवा. आरशासमोर माणूस धड पडत नाही, पडताना आपण कसे दिसतो ते बघत बसतो. आणि मान वळवून बघत पडलेला माणूस हमखास मनगटावर आपटतो.

दुसरं काम गुडघ्याचं. चाचणीच्या कागदावर नाव-पत्ता लिहाल, त्याच्याच खाली लिहा, ‘उजवा गुडघा नाजूक’. निवडीच्या टेबलामागे मीही काही वेळा बसलेय. दुखणं सांगणाऱ्याला आम्ही घरी पाठवत नाही, फार तर दुसऱ्या अंगावर पडायला लावतो. लपवणारा मात्र तिसऱ्या तालमीला लंगडतो, आणि मग नाटक बसवायचं सोडून आम्ही बदली नट शोधत बसतो.

आता उताऱ्याचं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा नटांच्या हातात छापील संवाद कुठे होते? सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट प्रसंग बघून आपापलं भाषण जागच्या जागी करायचे. राक्षस आले की आरोळ्या आणि नाचानाच, म्हणून तर त्या नाटकांना लोक ‘अलल्डुर्र’ म्हणायला लागले. म्हणजे तुम्हाला जे करायला सांगताहेत ते काही परदेशातून आलेलं फॅड नाही.

माझ्या पहिल्या चाचणीची गोष्ट सांगते. बावीस वर्षांची होते. गावभागातल्या एका शाळेचा हॉल, समोर सतरंजीवर दिग्दर्शक. त्यांनी मोकळ्या फरशीकडे बोट केलं. “इथं पाट मांडलाय. पंगत बसलीय. जेवायला बस. पाट डुगडुगतोय, एवढं ध्यानात ठेव.” मला वाटलं, आता दाखवतेच. डोळे वटारले, हात पंख्यासारखे फिरवले, जीभ बाहेर काढली आणि धाडकन आपटले. कोणी हसलं नाही. माझी मैत्रीण तेवढी ‘लागलं का गं?’ म्हणाली.

माझ्यानंतर पोस्टातले एक कारकून उठले. त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. शेजारच्या पानावरच्या माणसाला, म्हणजे हवेला, नमस्कार केला. पाटावरची धूळ फुंकली. बसले. पाट डुगडुगला. ते उठले, कागदाची घडी करून एका कोपऱ्याखाली सारली, पुन्हा बसले. आता दुसरा कोपरा डुगडुगला. मग त्यांनी हळूच शेजाऱ्याकडे पाहिलं, याच्या लक्षात आलं का म्हणून, आणि काहीच झालं नाही असं हसले. त्या हसण्याला अख्खा हॉल कोसळला. गृहस्थ एकदाही पडले नव्हते. त्यांना भूमिका मिळाली, मला विंगेतलं प्रॉम्प्टरचं स्टूल. तीन महिने त्या स्टुलावरून मी त्यांना बघत होते. रोज तोच पाट, तीच घडी, आणि चेहऱ्यावर रोज तीच काळजी, की पंगतीत आपली शोभा होऊ नये. त्या काळजीलाच लोक हसत होते.

म्हणून चाचणीत प्रसंग मिळाला की आधी स्वतःला विचारा, या माणसाला काय काम उरकायचंय? कपाट हलवायचंय, सासऱ्याच्या पाया पडायचंय, गाडी पकडायचीय, काहीही असो, ते मनापासून उरकायला लागा. अडथळे दिग्दर्शक घालेल. तुम्ही विनोद करताय हे तुमच्या पात्राला कळता कामा नये.

तुमच्याकडे तर खजिना आहे हो! पूर्वी अडतीत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे, हे पेढीवरच्या जुन्या माणसांकडून ऐकलं असेलच. वर दोघांचे चेहरे कोरे, जणू पावसापाण्याच्या गप्पा चालल्यात, आणि रुमालाखाली बोटांची झटापट. त्यातल्या एकाला त्याच वेळी शिंक आली तर? हात सोडला तर सौदा फिसकटतो. झाला ना दोन मिनिटांचा प्रसंग! हमाल पोतं पाठीवर घेताना आधी गुडघे कसे मोडतो, मग पावलं कशी छोटी आणि घाईची पडतात, हे तुम्ही रोज बघता. आठवडाभर तेवढंच बघा. रिकाम्या हातांनी पोत्याचं वजन दाखवता आलं तर टेबलामागचे लोक मान वर करतील.

अडखळणं मात्र घरी जरूर करा, त्यात पडायचं नसतं. चालता चालता मागच्या पायाचा चवडा पुढच्या पायाच्या टाचेला मागून अडकवायचा. तोल जातो, दोन पावलं वेडीवाकडी पडतात, सावरता. मग थांबून मागे वळून फरशीकडे बघायचं, तिथं काय होतं म्हणून. हशा त्या बघण्याला येतो. घाई केलीत तर गेला. आधी अगदी सावकाश करा, मग वेग वाढवा, आणि दहाही वेळा फरशीच्या त्याच जोडावर झालं पाहिजे. आम्ही चाचणीत ‘पुन्हा करा’ म्हणतो ते यासाठी. एकदा कोणीही छान अडखळतो. दुसऱ्यांदा ‘आता हेच, पण तुमच्या हातात उकळता चहा आहे’ असं सांगितल्यावर जो वाद न घालता, न खट्टू होता करून बघतो, त्याच्या नावापुढे खूण होते.

पडायला सांगितलंच तर काठीसारखं ताठ पडू नका. गुडघे मोडून जमिनीजवळ या, मग कुल्ल्याच्या मांसल बाजूवर टेकून खांद्याकडे लोळा. हनुवटी छातीशी, श्वास सोडलेला. हात टेकवायचा मोह टाळा. माकडहाडावर बसायचं तर मुळीच नाही. हे कागदावर वाचून जमत नाही, जाणत्या माणसासमोर गादीवर शिकावं लागतं. तेव्हा रविवारी सरळ सांगा, “आज अडखळतो, पडायला तालमीत शिकेन.” शहाणा दिग्दर्शक हे ऐकून खूश होतो.

जोडीने प्रसंग देतील, त्यात बहुधा एक थप्पड असेलच. तुम्हाला जोडीदाराची किती फिकीर आहे, हे तिथं उघड होतं. आधी नजर मिळवायची, त्याने डोळ्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय हात उचलायचा नाही. हात गालापासून चांगला लांबून जातो, टाळीचा आवाज बहुतेक वेळा मार खाणाराच काढतो, आणि मान फिरवायची वेळही तोच ठरवतो. म्हणजे कारभार सगळा मार खाणाऱ्याकडे. ‘स्लॅपस्टिक’ हा शब्द ज्या काठीवरून आला, तीही असलीच लबाड. इटलीतल्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकवाल्यांची, एका टोकाला जोडलेल्या दोन फळ्यांची. मार हलका, आवाज मोठा. एकदा एका देखण्या, उंच तरुणाने चाचणीत समोरच्याला खरीच ठेवून दिली होती. लोक खूप हसले. आम्ही त्याला घेतलं नाही.

वयाचं काय? फार्समध्ये सासरे, घरमालक, हवालदार लागतात की नाही? कवलापूर इथून हाकेच्या अंतरावर. तिथले काळू-बाळू, जुळे भाऊ, तमाशातले सोंगाडे. त्यांना मी लहानपणी जत्रेत बघितलंय. यातला काळू कोणता, हे कळेपर्यंतच आम्ही हसून दमायचो. दोघं तेव्हा काही कोवळे नव्हते. चव्वेचाळीसचा हिशेबनीस ऐटीत चालत आला आणि त्याच्या धोतराचा सोगा दारात अडकला, तर ते विसाव्या वर्षाच्या पोरापेक्षा जास्त रंगतं. त्याच्याकडे घालवायला ऐट असते ना!

सकाळी खाणं हलकं ठेवा. खिशात भडंगाची पुडी चालेल, मिसळ चाचणी झाल्यावर.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची, मिरजेची. आमच्या नाटकात मला लाटणं घेऊन नवऱ्यामागे धावून शेवटी टेबलाखाली अडकायचं काम मिळालंय. आई म्हणते, पोरीच्या जातीनं असं लोळणं बरं दिसत नाही. शिवाय साडी! काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या रंगभूमीवर कितीतरी वर्षं बायकांची कामं पुरुष करायचे. लुगडं नेसलेला पुरुष धडपडला की सगळे पोट धरून हसायचे, आयासुद्धा. तुझ्या आईला एका तालमीला घेऊन ये आणि टेबल धरायचं काम दे. बाजूला बसवलंस तर काळजी करत राहील, काम दिलंस तर सूचना करायला लागेल.

साडीचं म्हणशील तर दिग्दर्शकांना नऊवारी विचारून बघ, काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात. सहावारीच हवी म्हणाले तर आत गुडघ्यापर्यंतची चड्डी, निऱ्या घोट्याच्या वर, आणि पहिल्या तालमीपासून साडीतच सराव. ऐन प्रयोगाला पहिल्यांदा नेसू नकोस. बांगड्या प्लास्टिकच्या, काचेच्या नकोत. लाटणं स्पंजचं करून त्याला लाकडी रंग दे. आणि ज्या खांद्यावर लोळणार असशील त्या खांद्यावर सेफ्टी पिन लावायची नाही. पदर दोऱ्याने टाचून घे. माझ्या डाव्या खांद्यावर अजून खूण आहे.