दिवाळीत घराबाहेर असलो तर सण कसा करायचा, आणि खायचं काय?

तुम्ही विचारलंय की यंदा दिवाळीत पहिल्यांदाच घर बंद करून उदयपूरला जाताय, सोबत सासूबाई आणि दोन मुलं आहेत, तर अभ्यंगस्नान, फराळ, पाडवा हे सगळं प्रवासात कसं जमवायचं. आणि बाहेरचं फारसं न खाणाऱ्या सासूबाईंचं काय करायचं.

वाचलं आणि मला एकदम रतलाम स्टेशनाची वेटिंग रूमच आठवली.

माझे वडील पश्चिम रेल्वेच्या लोअर परळ वर्कशॉपमध्ये होते. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत सोनंनाणं बेताचंच, पण रेल्वेचा पास हा खरा दागिना. तो शाळेच्या सुट्टीतच वापरायचा, आणि मोठी सुट्टी एक तर मे महिन्याची, नाही तर दिवाळीची. मे महिन्यात गावी, राजापूरला जायचं हे ठरलेलं. त्यामुळे जग बघायला दिवाळीच उरायची. चाळीतले लोक नावं ठेवायचे, "सणासुदीला दाराला कुलूप?" आई हसून सोडून द्यायची आणि दारात कंदील लावून, शेजारच्या काकूंना तेवढा रोज पेटवायला सांगून निघायची.

साल १९८५ किंवा ८६ असेल, मी सातवीत होते. चितोडगड आणि उदयपूर बघायचं होतं, म्हणजे रतलामला उतरून पुढे मीटरगेजची गाडी. आम्ही रतलामला उतरलो ते नरकचतुर्दशीच्या पहाटे. सोबत आजी. तिनं पिशवीतून उटण्याची पुडी, तेलाची बाटली आणि मोती साबणाची गोल वडी काढली आणि वडिलांना म्हणाली, "गरम पाण्याचं बघ." वडिलांनी कँटीनवाल्याला पटवून दोन बादल्या पाणी आणलं. सगळ्या प्रवाशांसमोर, बाकावर बसवून, आईनं आम्हा भावंडांना तेल चोळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात समोरच्या एका मारवाडी बाईंनी चिमूटभर उटणं मागून घेतलं, हातावर चोळून वास घेतला आणि आपल्या मुलीलाही लावलं. मग माझी लाज जरा कमी झाली.

पण खरी पंचाईत कारिटाची, म्हणजे त्या छोट्या कडू फळाची. आमच्याकडे आंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं आणि "गोविंदा" म्हणून ओरडायचं. वडिलांनी ते गिरगावातून शर्टाच्या खिशात घालून आणलेलं. तुळस कुठून आणणार? फलाटाच्या टोकाला शोभेच्या झाडाची एक कुंडी होती. आजीनं कुंडीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "झाड आहे ना? फोड." ओरडलो मात्र हळूच.

आता खाण्याचं. आजी बाहेरचं खायची नाही. तिच्यासाठी प्रवासात दशम्या असायच्या. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी; पिठाला पाणी लागलेलं नाही म्हणून तिला सोवळ्या-ओवळ्याची बाधा नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे बघा, सोवळं कडक पाळणाऱ्या बायकांनीच प्रवासापुरती त्यातून वाट काढून ठेवली होती, आणि ती वाट चवीलाही चांगली होती. तुमच्या प्रश्नाचं माझं निम्मं उत्तर या दशमीत आहे.

तर आजी दशमीचा डबा उघडणार, इतक्यात वडील स्टेशनाबाहेरून पोहे घेऊन आले. माळव्यातले पोहे आपल्यासारखे कढईत परतून झाकण ठेवलेले नसतात. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पातेलं ठेवून ते वाफेवर गरम राखतात, त्यात बडीशेप असते, वरून शेव आणि जिरावण मसाला, आणि सोबत जिलबी. कांदा वरून कच्चा घालतात, त्यामुळे "बिनकांद्याचे द्या" म्हटलं की प्रश्न मिटतो. आजीनं द्रोण नाकाशी नेला. कोकणात आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या दिवशी पोहेच असतात: गूळपोहे, दहीपोहे, दूधपोहे, फोडणीचे. चकली-करंजी नंतर आली, आधी पोहे. आजी म्हणाली, "आज पोह्यांचाच दिवस आहे. आणि पोहे हे भाजक्या भाताचे, त्यांना विटाळ नसतो." हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते कोणी विचारलं नाही. तिनं दोन द्रोण खाल्ले. जिलबीला मात्र तोंड वाकडं केलं, आंबट लागली म्हणून.

त्यानंतर आजी दरवर्षी निघायच्या आधी विचारायची, "तिकडे पोहे मिळतात का?"

हे मी एवढं लांबवून सांगतेय कारण तुमच्या सासूबाई "बाहेरचं खात नाहीत" म्हणजे नक्की काय खात नाहीत, हे आधी त्यांनाच विचारा. कांदा-लसूण नको असतं? परान्न नको? की पोट बिघडेल याची भीती? तिन्हींचे उपाय वेगळे, आणि आपण सुना परस्पर ठरवून थर्मास, कुकर, पिठाचे डबे असं अर्धं स्वयंपाकघर घेऊन निघतो. मी हे केलंय.

लग्नानंतर सातेक वर्षांनी आम्ही नवरात्रात कलकत्त्याला गेलो. दुर्गापूजा बघायची म्हणून नवऱ्यानं पंचमीला पोचायचं तिकीट काढलं, आणि माझ्या सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपास. मी साबुदाणा, वरीचे तांदूळ, दाण्याचं कूट, राजगिऱ्याचे लाडू, सैंधव असं सगळं बांधून घेतलं. हॉटेलच्या इलेक्ट्रिक किटलीत वरी शिजवायचा प्रयत्न केला, ती उतू जाऊन किटली बंद पडली आणि आम्ही दोनशे रुपये भरले. शिवाय मनात हेही होतं की आपल्याकडे नवरात्रात शेजारचे मालवणीसुद्धा मासळी बंद ठेवतात, आणि इथे देवीच्या मांडवाबाहेर एग रोल आणि मटणाच्या गाड्या! बंगाल्यांना पूजेचे दिवस म्हणजे दुर्गा ही मुलगी माहेरी आल्याचे दिवस, मग घरात गोडधोड आणि मासमच्छी नको का? ऐकायला पटतं. पण उपाशी पोटी, त्या वासात, मुंबईच्या माणसाला पटायला दोन दिवस लागतात.

अष्टमीला एका पाड्याच्या, म्हणजे तिथल्या मोहल्ल्याच्या, मांडवात गेलो. पोरांनी आग्रहानं बसवलं आणि म्हणाले, "भोगेर खिचुडी." सासूबाईंनी फक्त "खिचडी" ऐकलं आणि खूश होऊन मला म्हणाल्या, "बघ, इथेही उपासाला साबुदाणाच!" पानात आली ती भाजलेल्या मुगाच्या डाळीची, गोविंदभोग तांदळाची खिचडी, भाज्यांचा लाबडा आणि टोमॅटोची गोड चटणी. मी घाबरले. त्या क्षणभर थांबल्या, हात जोडले आणि एक घास घेतला. मग दुसरा. "प्रसादाला नाही म्हणायचं नसतं," एवढंच बोलल्या. उरलेलं पान त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि रात्री परत फळं आणि संदेश खाऊन उपास पुढे चालू. तिथे घरोघरी साबुदाणा उपासाला खातातच, पण भिजवून, केळं, नारळ, दूध घालून कालवलेला. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या मालकीणबाईंनी तो करून दिला, तेव्हा मला कळलं की मी आणलेलं दाण्याचं कूट घरी ठेवलं असतं तरी चाललं असतं.

आणखी एक गंमत, उपासावरूनच. एकदा मे महिन्यात पुरीला होतो आणि संकष्टी आली. चंद्रोदयाची वेळ नवऱ्यानं मुंबईहून लिहून आणलेली, दहा वाजून काही मिनिटं. आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो आणि सव्वानऊच्या सुमाराला चंद्र सरळ समुद्रातून वर आला. मुंबईत आपण चंद्र शोधतो तो समोरच्या टॉवरच्या टाकीमागून. आपला समुद्र पश्चिमेला, त्यात चंद्र बुडताना दिसेल, उगवताना नाही. सासूबाई नमस्कार करून मोकळ्या झाल्या. नवरा म्हणे, "अजून पाऊण तास आहे." मुलानं त्याला ऐकवलं की पुरी मुंबईच्या पूर्वेला १३ अंश आहे, अंशाला ४ मिनिटं धरली तर चंद्र बरोबर वेळेवर आलाय, उशीर तुमच्या कागदाला झालाय. तर उपास सोडायचा तो तिथल्या चंद्रावर, इथल्या कॅलेंडरवर नाही. मोदक नव्हते, पुरीचा खाजा दाखवला नैवेद्याला. जेवण म्हणजे आनंदबाजारातून संध्याकाळीच मडक्यांत आणलेला जगन्नाथाचा महाप्रसाद, कांदा-लसूण, बटाटा, टोमॅटो यातलं काहीही नसलेला. त्या महाप्रसादाला कोणाचा विटाळ लागत नाही, तो कोणी कोणाच्या शेजारी बसून खावा हेही बघायचं नसतं. आजी असती तर तिला हा नियम फार आवडला असता.

याच्या उलट अनुभव म्हणजे अमृतसर. एका मराठी टूर कंपनीबरोबर गेलो होतो. दिवाळीच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना फराळाची पाकिटं दिली, रात्री त्यांच्याच आचाऱ्याचं वरण-भात, मटकीची उसळ, श्रीखंड. चव उत्तम, सासूबाई सोडून सगळे खूश. त्या म्हणाल्या, "हे खायला मी पंजाबात कशाला आले?" आम्ही तिघं निसटलो आणि सुवर्णमंदिरात लंगरला बसलो. तिथेही त्याला पंगतच म्हणतात, शब्दसुद्धा बदललेला नाही. डाळ, रोटी, खीर. बाहेर दिव्यांची दाटी, तळ्यात तिचंच प्रतिबिंब.

गणपतीला मात्र मी कुठेही जात नाही. दीड दिवस का असेना, राजापूर. त्यावर वाद नको. आणि गुढीपाडव्याला गिरगावची शोभायात्रा, मग ठाकुरद्वारला विनय हेल्थ होममध्ये रांग लावून मिसळ. सणाच्या दिवशी घरी पुरणाचा घाट न घालता बाहेर खाणं हीही आता आमच्या घरची रीतच झालीय, आणि ती सुरू केली सासूबाईंनी, गुडघे दुखायला लागल्यावर.

आता तुमचं उदयपूर. उटणं, साबण, छोटी तेलाची बाटली इथूनच न्या. पणती हॉटेलच्या खोलीत लावू नका, धुराचा अलार्म वाजतो (कसं माहीत, विचारू नका); बाल्कनीत किंवा मॅनेजरला सांगून दारात लावा. बहुतेक वेळा तेच हौसेनं दोन पणत्या जास्त देतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी छोट्या भोजनालयांचे आचारी आपापल्या घरी गेलेले असतात, म्हणून जेवण सात-साडेसातलाच उरकून घ्या, नाही तर मुलं बिस्किटांवर झोपतील. फराळ थोडाच न्या, चकली आणि शंकरपाळे. लाडूंचा प्रवासात भुगा होतो आणि राजस्थानात मिठाईची कमी नाही. डाल-बाटी सासूबाईंना दातांना जड जाईल, तर बाटी कुस्करून तूप-डाळ घालून मागा, हसत देतात.

पाडव्याला जमलं तर नाथद्वाऱ्याला जाऊन या, उदयपूरहून ४५-५० किलोमीटर. त्या दिवशी श्रीनाथजींचा अन्नकूट असतो, भाताचा मोठा ढीग रचतात आणि रात्री आसपासचे भिल्ल लोक येऊन तो लुटून नेतात. गर्दी प्रचंड, सासूबाईंना सकाळीच दर्शन घडवा. ओवाळायचं ताम्हन नेऊ नका, हॉटेलची स्टीलची ताटली चालते. मी एका वर्षी चहाच्या बशीत निरांजन ठेवून नवऱ्याला ओवाळलं, त्यानं साडी तेवढ्याच किमतीची दिली.

आणि कारीट. तिकडे कारीट म्हटलं तर कोणाला कळणार नाही. दादरला फुलबाजारात वसुबारसेच्या आसपास मिळायला लागतं. माणशी एक धरून वर दोन जास्त घ्या, बॅगेत एक तरी हमखास चेंगरतं, आणि मग सगळ्या कपड्यांना तो कडू वास.