मंडळात नव्याने आलेल्यासाठी

तू हिंदू राष्ट्रविचारावर काय वाचावे याची यादी मागितलीस, पण आधी एक सांगतो: या सगळ्यांना एकाच माळेत ओवू नकोस. टिळकांचे ‘गीतारहस्य’ (1915) आणि सावरकरांचे ‘हिंदुत्व’ (1923) यांत आठच वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्नच वेगळे आहेत. मंडालेच्या तुरुंगात टिळकांचा वाद चालला होता तो शंकराचार्यांच्या संन्यासपर भाष्याशी. ज्ञानानंतरही कर्म सोडायचे नाही, हा त्यांचा निष्कर्ष. सावरकरांना मोक्षाशी फारसे कर्तव्य नाही. हिंदू कोण, याची पितृभू-पुण्यभू ही कसोटी (भारत ही पूर्वजांची भूमी आणि पवित्र भूमीही मानणारा तो हिंदू) त्यांना मांडायची होती. गाईला देवता न मानता उपयुक्त पशू म्हणणारा हा माणूस. त्याला ‘परंपरावादी’ म्हणून मोकळे होणारे मला तरी आळशी वाटतात.

अरविंद घोषांचे 1909 चे उत्तरपाडा (बंगाल) येथले भाषण छोटे आहे, एका बैठकीत होईल. दीनदयाळ उपाध्यायांची ‘एकात्म मानववादा’वरची 1965 ची मुंबईतली चार व्याख्याने मात्र सावकाश घे. ‘चिती’ म्हणजे राष्ट्राचा मूळ स्वभाव, तो ठरवणार कोण, हे समासात लिहून ठेव. मला त्याचे समाधानकारक उत्तर तिथे सापडत नाही.

आणि या विचाराच्या विरोधकांना टाळू नकोस. आंबेडकरांचे 1936 चे जातिनिर्मूलनावरचे लेखन याच काळातले आहे, आणि ‘हिंदू समाज’ एक आहे या गृहीतकालाच ते हात घालते. मी तर ते ‘हिंदुत्व’ संपताच वाचायला सांगेन. मूळ ग्रंथ हाती येईपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवरची उद्धृते खरी धरू नकोस.