‘नवी कसली? ही तर आपली सड्यावरची कुर्ली!’

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) जांभ्या दगडाच्या भोकांत केशरी पाठीच्या, जांभळट नांग्यांच्या छोट्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, दिसल्या. फोटो सोबत पाठवतोय. इंटरनेटवर कशाशीच नीट जुळेना. भाचा म्हणतो नवीन जाती आहे, वर्तमानपत्रात देऊया आणि आजीचं नाव देऊया. आई मात्र म्हणते, ‘नवी कसली? ही तर आपली सड्यावरची कुर्ली!’ आता पुढं काय करायचं?

उत्तर : गुरुजी, आधी आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कुर्ली नवी नसतेच. नवी असते ती नोंद. मूल वाड्यावर जन्मतं, खेळतं, आणि ग्रामपंचायतीच्या वहीत त्याचं नाव पाच वर्षांनी लागतं, तसंच हे. पण ही वही महत्त्वाची आहे, कशी ते पुढं सांगते.

फोटो मी मोठा करून तीनदा पाहिला. अशा रंगांचे खेकडे असलेल्या ‘घाटियाना’ या प्रजातीची आठवण नक्की झाली. (प्रजाती म्हणजे आडनाव, जाती म्हणजे नाव, शास्त्रात आडनाव आधी लिहितात एवढंच.) ही प्रजाती २०१४ साली ‘घाटियाना ऑरँटियाका’ या केशरी खेकड्यावरून मांडली गेली. २०१६ साली समीर पाटी, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या पाच नव्या जाती एकाच लेखात दिल्या. २०१८ साली ‘सह्याद्रियाना’ ही आणखी एक प्रजाती आली. म्हणजे आपल्याच डोंगरातलं हे काम अजून चालू आहे, आणि तुमच्या सड्यावर काही निघालं तर मला मुळीच नवल वाटणार नाही. पण रंगावरून मी होय म्हणणार नाही. कात टाकली, वय वाढलं की एकाच जातीत रंग बदलतो, आणि जतनासाठी अल्कोहोलमध्ये ठेवलेला खेकडा काही दिवसांत वाळक्या गवताच्या रंगाचा होतो. म्हणून जिवंतपणीचा फोटो हवाच, पण तेवढ्यानं भागत नाही.

मग कशावरून ठरतं? खेकडा उताणा करा. पोटाखाली दुमडलेली एक झडप दिसेल. मादीची रुंद, गोलसर, थाळीसारखी, नराची अरुंद. या खेकड्यांच्या कुळात नराची झडप उलट्या इंग्रजी टी अक्षरासारखी असते. ती चिमट्यानं हळूच उचलली की खाली दाभणासारख्या दोन नाजूक काड्या दिसतात. ती नराची जननपादांची पहिली जोडी. तिचं टोक सरळ की बाहेर वळलेलं, शेवटचा तुकडा लांब की आखूड, मधेच कंबर आवळल्यासारखी आहे का, यावर जातींचा निकाल लागतो. दोन खेकडे वरून जुळ्या भावांसारखे दिसतात, आणि ही काडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की दोन वेगळीच घराणी निघतात. मी ती पेन्सिलीनं काढते, चारही बाजूंनी, एकेक केस मोजून. एका काडीला कधी कधी दोन दिवस लागतात. फोटोत जी वळणं सपाट होतात ती हाताला सापडतात, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर पाठीच्या कवचाची रुंदी-लांबी, डोळ्यांमागच्या कडा, बाजूचा दात, तोंडावरची झाकणं, हे सगळं मोजून जुन्या नोंदींशी ताडून पाहायचं. इथं खरा वेळ जातो. आपल्याकडचा सर्रास दिसणारा मोठा खेकडा, ‘बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस’, १८३६ साली सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या दख्खनवरच्या लेखात वेस्टवूड या कीटकशास्त्रज्ञानं वर्णन केला. आल्कॉक या प्राणिशास्त्रज्ञानं कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले गोड्या पाण्यातले खेकडे १९१० साली ग्रंथात मांडले. शंभर वर्षांपूर्वीची चार ओळींची वर्णनं, परदेशातल्या संग्रहालयांत ठेवलेले नमुने. तुमचा खेकडा या सगळ्यांहून वेगळा आहे हे एकेक करून दाखवावं लागतं. ते झालं की एक नर निवडायचा. त्याला ‘होलोटाइप’, म्हणजे नावाचा मूळ नमुना, म्हणतात. नावाचा खुंटा त्याच्यापाशी ठोकलेला असतो. पुढं शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर हाच खेकडा बाटलीतून काढून पाहिला जातो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या जातीचे नमुने शासनानं नेमलेल्या भांडारात जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यांपैकी एक. १९१६ साली स्थापन झालेली ही संस्था, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

तिथल्या किंवा एखाद्या महाविद्यालयातल्या खेकड्यांच्या अभ्यासकाला सोबत घ्या. जागा वनखात्याची असेल तर लेखी परवानगी आधी, खेकडा नंतर. एक-दोन पूर्ण वाढलेले नर आणि एखादी मादी पुरते. झडपेत पिल्लं असलेली मादी मात्र कधीही उचलायची नाही. समुद्रातल्या चिंबोरीची अंडी फुटून अळ्या पाण्यात दूरवर वाहून जातात. गोड्या पाण्याच्या खेकड्यांत मोकळ्या पोहणाऱ्या अळ्या नसतातच. अंड्यातून थेट खेकडाच बाहेर येतो, नखाएवढाही नाही, आणि आईच्या पोटाशी दाटीवाटीनं चिकटून राहतो. एकदा पन्हाळीखालच्या दगडावर मी अशी मादी पाहिली. झडप जराशी उघडली, आतून दहा-बारा फिकट पिल्लं दिसली, आणि तिनं ती लगेच मिटली. मी दगड होता तसा ठेवला.

यामुळेच या जाती एखाद्या डोंगरापुरत्या, एखाद्या सड्यापुरत्या असू शकतात. तिथं चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) उघडली तर दुसरीकडून कोणी येऊन जागा भरणार नाही. आणि खाणीच्या अर्जात, पर्यावरणाच्या अहवालात काय धोक्यात आहे हे लिहायला नाव लागतं. २००९ साली जगातल्या गोड्या पाण्याच्या सुमारे १,२८० खेकड्यांच्या जातींची स्थिती तपासली, तेव्हा निम्म्याच्या आसपास जातींबद्दल निर्णयापुरती माहितीच नव्हती. नाव नसलेल्या जाती तर त्या मोजणीतही नव्हत्या. माझ्या मते वहीची गरज आहे ती याचसाठी.

नमुन्याच्या बाटलीत जाड कागदाची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून टाका : गाव, सड्याचं नाव, उंची, तारीख, कुठल्या भोकात मिळाला, कोणी धरला. चिठ्ठी आत, बाहेर चिकटवलेली नव्हे. सुरुवातीच्या काळात ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी घाईत मी बॉलपेननं लिहिलं. महिन्यानं बाटली काढली तर अल्कोहोल निळं आणि कागद कोरा. सुंदर पूर्ण वाढलेला नर होता तो. अजून माझ्या कपाटात आहे आणि कुठल्याही लेखात वापरता येत नाही, कारण तो कुठला हे आता कोणीच सांगू शकत नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

वर्तमानपत्राची घाई नको. वर्णनाशिवाय नुसतं नाव छापलं तर शास्त्रात ते ग्राह्य धरत नाहीत, उगाच गोंधळ होतो. लेख शास्त्रीय नियतकालिकात येऊ द्या; तो फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या नोंदवहीत नोंद लागते. आजीचं नाव देता येतं, मात्र निवड वर्णन लिहिणाऱ्याची. पुरुषाच्या नावाला ‘ई’ लागतो (आल्कॉकच्या स्मरणार्थ ‘अल्कॉकी’), बाईच्या नावाला ‘ए’, आणि गावाच्या नावावरून ठेवलं तर ‘एन्सिस’. स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत, तो आमच्यातला संकेत आहे. आणि आईंना विचारून घ्या : ही कुर्ली कधी बाहेर येते, कधी दिसेनाशी होते, कोणी खातं का. त्यांचं ‘सड्यावरची कुर्ली’ हे नाव लेखात स्थानिक नाव म्हणून छापलं गेलं पाहिजे. कुठं मुठे, कुठं किरवी म्हणतात, ते सगळं लिहून ठेवण्यासारखं आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. आता डीएनए तपासला की झालं ना? एवढी मोजमापं कशाला? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : डीएनए हवाच, जवळच्या जाती वेगळ्या काढायला फार मदत होते. पण जुन्या नमुन्यांपैकी बऱ्याच जणांचा डीएनए मिळत नाही, त्यांच्याशी तुलना काडीनं आणि कवचानंच होते. दोन्ही शिक. आणि एक सांगते : पायातला स्नायूचा लहानसा तुकडा आधी कापून ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा ठेव. फॉर्मॅलिनमध्ये खेकडा एकदा गेला की डीएनए बिघडतो.