टॉवरला नाही म्हणायला शीक, मग वाऱ्याचं बघू

अरे,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. विचारतोयस की जिथे सतत काही ना काही उतरतंय-उडतंय आणि दुपारी वारा हमखास आडवा असतो, अशा एअरपोर्टवर विमान उडवायला शिकत राहावं की सरळ एखाद्या शांत एअरफील्डवर जावं. माझं मत विचारशील तर राहा. पण आत्ता जसं चाललंय तसं नको. तुझ्या पत्रात मला एकच गोष्ट परत परत दिसली, टॉवरने, म्हणजे रेडिओवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरने, काही सांगितलं की तुझ्या तोंडून आधी होकार जातो आणि मग तो होकार निभावण्याच्या नादात विमान कुठे चाललंय ते बघायचं राहून जातं. स्पीड ठेव म्हणाले, ठेवला. लवकर वळ म्हणाले, वळलास. आणि मग लँडिंग बिघडलं की दोष वाऱ्याचा. वारा आहेच, पण तो दुसरा नंबर.

आधी एक सोपी गोष्ट कर, गर्दी आणि वारा ही दोन ओझी वेगवेगळी उचल. सकाळी लवकर वारा पडलेला असतो कारण जमीन तापलेली नसते आणि वरचा जोराचा वारा खाली मिसळत नाही, ऊन चढलं की हवा ढवळायला लागते आणि तोच वारा झोत घेऊन खाली येतो. तर सकाळचे स्लॉट गर्दी शिकायला ठेव, म्हणजे रेडिओ, सर्किटमधला (रनवेभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी फेरीतला) आपला नंबर, पुढच्याला शोधणं वगैरे. आणि क्रॉसविंडचे, म्हणजे आडव्या वाऱ्याचे, धडे इन्स्ट्रक्टरला घेऊन जवळच्या कमी ट्रॅफिकच्या फील्डवर घे, भले जाण्यायेण्यात थोडा वेळ गेला तरी. सुरुवातीला दोन्ही एकाच फ्लाइटमध्ये शिकायला गेलास तर एकही धड शिकणार नाहीस. दोन्ही एकत्र करायची वेळ येईल, पण ती दोन्ही सुटे सुटे जमल्यावर.

आता वाऱ्याचं गणित, ते विमानात बसायच्या आधी व्हायला हवं. रनवे २७, म्हणजे २७० अंशांच्या दिशेचा, आणि वारा ३०० अंशांवरून २० नॉट (तासाला २० सागरी मैल), म्हणजे कोन ३० अंश, आडवा भाग निम्मा, १० नॉट. ४५ अंशाला साधारण ०.७ पट, ६० च्या पुढे जवळजवळ सगळाच आडवा धर. एवढं तोंडपाठ पाहिजे, ॲप नको. (मेटारमधला, म्हणजे एअरपोर्टच्या हवामान अहवालातला, वारा ट्रू नॉर्थवरून असतो आणि टॉवर सांगतो तो मॅग्नेटिक, होकायंत्राच्या उत्तरेवरून, रनवेचा नंबरही मॅग्नेटिकच, हे अर्ध्या स्टुडंट्सना लायसन्स मिळेपर्यंत माहीत नसतं.) सेसना १७२ च्या हँडबुकमध्ये १५ नॉट क्रॉसविंड लिहिलेला असतो तो 'डेमॉन्स्ट्रेटेड' आहे, म्हणजे टेस्टिंगच्या वेळी तेवढ्यात उतरवून दाखवलं होतं. ती विमानाची लिमिट नव्हे हे सगळे सांगतात, पण ते वाक्य तुझ्यासाठी नाहीये, तुझी लिमिट त्याच्या बरीच खाली आहे आणि ती इन्स्ट्रक्टरबरोबर बसून आकड्यात लिहून काढ. पहिल्या सोलोंना (एकट्याने उडायच्या फ्लाइटना) मी स्टुडंटला आडवे ५ नॉट देते, फार तर ७, आणि गस्टचा, म्हणजे झोताचा, आकडा धरून, सरासरीचा नाही.

गस्ट असेल तर ॲप्रोचचा, म्हणजे उतरायला येतानाचा, स्पीड किती वाढवायचा ते विचारलं होतंस. वारा १२ आणि गस्ट २० तर फरक ८, त्याच्या निम्मे ४ वाढव. ६५ ने येत असशील तर ६९. तू मनाने दहा-पंधरा वाढवतोस असं दिसतंय, म्हणूनच रनवेवर तरंगत राहतोस आणि जितका जास्त वेळ तरंगशील तितका वेळ वाऱ्याला तुला बाजूला ढकलायला मिळतो.

टॅक्सीबद्दल, म्हणजे विमान जमिनीवर चालवण्याबद्दल, तू काहीच लिहिलं नाहीस, याचा अर्थ लक्ष नसणार. वारा समोरून डावीकडून असेल तर योक (विमानाचं स्टिअरिंग) डावीकडे, मागून डावीकडून असेल तर योक उजवीकडे आणि पुढे ढकललेला. प्रत्येक वळणावर वाऱ्याची बाजू बदलते तसे हात बदलायचे, आणि हळू चालायचं. आणि पार्किंगला इंजिन बंद झाल्यावर दार हाताने धरून उघड. मागून वारा असेल तर १७२ चं दार असं हिसका देऊन उघडतं की बिजागरी वाकते, आणि मग तो दिवस तर गेलाच, वर मेंटेनन्सवाल्यांचे टोमणे.

आता लँडिंग. फायनलवर, म्हणजे रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, नाक वाऱ्याकडे जरा वळवून येतोस ते ठीक, तो क्रॅब, त्यात चाकं रनवेच्या रेषेत नसतात म्हणून तसंच टेकवायचं नाही. पण तू ते नाक सरळ करणं अगदी शेवटच्या क्षणावर ठेवतोस आणि मग सगळं एकदम करायला जातोस. अजून काही महिने तरी २००-३०० फुटांवरच बदल करून टाक: रडरने (पायांनी हलणाऱ्या शेपटावरच्या फळीने) नाक सेंटरलाइनच्या रेषेत आण आणि त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली घे. इथून पुढे कामं वाटून दे, नाक सरळ ठेवणं फक्त पायांचं, बाजूला सरकणं थांबवणं फक्त एलरॉनचं (योकने हलणाऱ्या पंखांवरच्या फळ्यांचं). उजवीकडे सरकतोय? डावा पंख अजून थोडा खाली. नाक डावीकडे वळलं? उजवा पाय. डोकं शांत राहतं याने, कारण काहीही बिघडलं की कोणत्या अवयवाला हाक मारायची ते ठरलेलं असतं. आणि २०० फुटांवरच कळतं की आजच्या वाऱ्याला तुझा रडर पुरतोय की नाही. पूर्ण पाय दाबूनही नाक सरळ राहत नसेल तर वारा जास्त आहे, उतरायचं नाही, विषय संपला.

फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकायच्या जरा आधी नाक उचलताना, स्पीड उतरत जातो तसे कंट्रोल सैल पडतात, म्हणजे तेवढाच परिणाम मिळवायला जास्त एलरॉन, जास्त रडर लागतो. इथे बहुतेकजण उलटं करतात, जमीन जवळ आली की हात आपोआप मधोमध येतात, पंख सपाट होतात आणि विमान वाऱ्याबरोबर निघून जातं. नजर रनवेच्या लांबच्या टोकाला ठेव. आधी वाऱ्याच्या बाजूचं एकच चाक टेकेल, बारीक चर्रकन आवाज येईल, मग जराशाने दुसरं, मग नाकाचं. पहिलं चाक टेकलं की स्टुडंटचा श्वास सुटतो आणि त्याबरोबर योकसुद्धा, हे मी शेजारच्या सीटवरून इतक्या वेळा बघितलंय की आता माझा हात आधीच तिथे गेलेला असतो. टेकल्यावर एलरॉन वाऱ्याकडे वाढवत न्यायचा, पूर्ण लागेपर्यंत. रनवे सोडून टॅक्सीवेवर आलास की परत मघाचं योकचं गणित.

याचा सराव कसा? इन्स्ट्रक्टरला सांग, त्या शांत फील्डवर परवानगी घेऊन लो ॲप्रोच करू. थोडी पॉवर ठेवून रनवेच्या काही फूट वरून एक पंख खाली ठेवून सरळ उडत जायचं, टेकवायचंच नाही, आणि पुढे गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. नॉर्मल लँडिंगमध्ये हा भाग जेमतेम काही सेकंद मिळतो, इथे सगळ्या रनवेभर मिळतो. माझ्या अनुभवात पायांना जाग येते ती यानेच, दहा लँडिंग आपटून येत नाही.

एका जागी मात्र मला तुझी खरंच काळजी वाटते, बेसवरून (फायनलच्या आधीच्या, रनवेला काटकोनातल्या टप्प्यावरून) फायनलला वळताना. डावा सर्किट, म्हणजे सगळी वळणं डावीकडे, आणि फायनलवर वारा डावीकडून येणार असेल, तर तोच वारा डाउनविंडवर (रनवेला समांतर, उलट्या दिशेच्या टप्प्यावर) तुला रनवेकडे ढकलत असतो, म्हणजे अंतर कमी झालंय, आणि बेसवर तो पाठीमागून लागतो, म्हणजे कमी झालेलं अंतर तू जास्त वेगाने कापतोयस. साहजिकच फायनलची रेषा ओलांडून जातोस. अशा वेळी माणूस बँक, म्हणजे विमानाचा कल, वाढवतो, आणि तेही पुरलं नाही की आतल्या बाजूचा रडर दाबून नाक ओढायला बघतो. उंची न सोडता वळताना ४५ अंश बँकला स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) स्पीड साधारण १९ टक्के वाढतो, ६० ला ४१ टक्के, आणि वर आतला रडर दाबलेला असताना स्टॉल झाला तर आतला पंख झटकन पडून विमान स्पिनमध्ये, गरगर फिरत खाली, जातं, तिथून सावरायला सर्किटमध्ये उंचीच नसते. म्हणून असा वारा असेल त्या दिवशी डाउनविंडवरच नाक बाहेरच्या बाजूला ठेवून अंतर टिकव, बेसवरून फायनलला लवकर वळायला लाग, आणि ३० अंश बँकमध्ये बसत नसेल तर वळण तसंच सोडून टॉवरला गो-अराउंड सांग. मागे जेट आहे म्हणून घट्ट वळायचं नाही, कधीच.

ज्याच्यावरून सुरुवात केली ते आता. कंट्रोलरला तू कोण, किती तासांचा, काहीही माहीत नसतं, त्याला स्क्रीनवर एक ठिपका आणि एक कॉल साइन दिसते. म्हणून पहिल्याच कॉलमध्ये 'स्टुडंट पायलट' म्हण, लाज कसली त्यात, तो लगेच हळू बोलायला लागतो आणि तुझ्यामागे अंतर सोडतो. नाही कळलं तर 'से अगेन', हात भरलेले असतील तर 'स्टँडबाय', आणि जमणार नसेल तर 'अनेबल'. अनेबलनंतर स्पष्टीकरण द्यायची गरज नसते. शॉर्ट ॲप्रोच (लवकर वळून जवळून उतरणं) दिला आणि तू उंच आहेस, अनेबल. स्पीड ठेवायला सांगितला आणि तुला आत्ता फ्लॅप (हळू उतरता यावं म्हणून पंखांच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्या) हवेत, अनेबल. तो वैतागणार नाही, त्याच्याकडे दुसरा प्लॅन असतोच, तुला फिरवून आणेल किंवा डाउनविंड लांबवायला सांगेल. त्याला डोकेदुखी होते ती होकार देऊन वेगळंच काहीतरी करणाऱ्यांची. खोलीत खुर्चीवर बसून ही तीन उत्तरं मोठ्याने बोलायची प्रॅक्टिस कर, वेड्यासारखं वाटेल, कर तरी. आणि रेडिओवर उत्तर देणं नेहमी शेवटी, आधी विमान सरळ, मग दिशा, मग बोलणं.

रीडबॅकमध्ये, म्हणजे सूचना परत बोलून दाखवण्यात, मात्र आळस नको, रनवे नंबर, होल्ड शॉर्ट (रनवेच्या आधी थांब) आणि क्लिअरन्स शब्दाला शब्द परत बोलायचे. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफे बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ रनवेवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली, आणि त्यात क्लिअरन्स मिळालाय की नाही याचा झालेला घोळ हे एक मोठं कारण होतं. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष टेक-ऑफच्या क्लिअरन्सलाच (किंवा तो रद्द करायला) वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, हा दंडक त्यानंतरचा. तूही एरवी तो शब्द तोंडातून काढू नकोस.

मोठ्या विमानांच्या मागचे भोवरे. ते पंखांच्या टोकांपासून निघून खाली बसत जातात, म्हणून उतरताना जेटच्या मार्गाच्या वर राहायचं आणि त्याची चाकं जिथे टेकली त्याच्या पुढे टेकायचं, उडताना त्याचं नाक जिथे उचललं त्याच्या आधी हवेत असायचं. इथे जोराचा वारा उलट तुझ्या बाजूचा असतो, भोवरे लवकर मोडतो. घातक असतो तो ३-५ नॉटचा मंद आडवा वारा, त्यात एक भोवरा सरकायचा थांबून रनवेवरच रेंगाळतो. टॉवर 'कॉशन वेक टर्ब्युलन्स' म्हणाला की पुढची जबाबदारी तुझी, दोन मिनिटं थांबतो म्हणून सांग. मागे रांग लागली तर लागू दे.

गो-अराउंडला तू 'फेल' असा शब्द वापरलास तो मला आवडला नाही. पूर्ण थ्रॉटल दिलास की लँडिंगसाठी लावलेल्या ट्रिममुळे (नाकाचा तोल धरणाऱ्या सेटिंगमुळे) नाक जोरात वर येतं, ते हाताने दाबून धरावं लागतं, सोबत उजवा पाय, मग फ्लॅप एकेक पायरी वर, आणि टॉवरला सांगणं सगळ्यात शेवटी. हे न अडखळता जमेपर्यंत मुद्दाम कर, चांगल्या चाललेल्या ॲप्रोचवरूनही. ज्याला गो-अराउंड सोपा वाटतो तोच वेळेवर करतो, बाकीचे नाइलाजाने लँडिंग रेटत नेतात.

तासांचं टेन्शन घेऊ नकोस. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमात प्रायव्हेट लायसन्सला किमान ४० तास आहेत, पण गर्दीच्या एअरपोर्टवर तास मोजणारा मीटर होल्डिंग पॉइंटवर (रनवेच्या आधी थांबायच्या जागी) उभं असतानाही पळत असतो, त्यामुळे तुझा आकडा शांत फील्डवाल्या मित्रापेक्षा मोठा येणारच. त्याच्याशी तुलना करायची असेल तर निदान तीन महिन्यांनी कर, तोही तुझ्या एअरपोर्टवर येऊन एकदा बोलून दाखवू दे.

लॉगबुकच्या रिमार्कमध्ये दर फ्लाइटला आडवा वारा किती होता आणि गो-अराउंड किती केले एवढं लिहीत जा. पुढच्या पत्रात मला तेच पाठव, आणि अनेबल कितीदा म्हणालास तेही. शून्य असेल तर आपण फोनवर बोलू.