गोव्यात स्पामध्ये मसाजचं काम करते, दिवसाला पाच-सहा ग्राहक. अंगठे सतत दुखतात, काय करू?

जोर अंगठ्याने देऊ नका, शरीराच्या वजनाने द्या. आधी टेबलाची उंची बघा: सरळ उभं राहून हात खाली सोडला की मूठ टेबलाला टेकली पाहिजे. टेबल उंच असेल तर खांदे वर चढतात आणि भार मनगटावर येतो. पाठीला, मांडीला कोपराखालचा हात वापरा, एक पाय पुढे ठेवून झुका. अंगठा फक्त लहान गाठीसाठी, सरळ ठेवून, दुसऱ्या हाताच्या आधाराने. तेल थोडंच घ्या. इथल्या दमट हवेत घामाने आधीच हात घसरतो, मग पकडीसाठी बोटं आवळली जातात. दोन ग्राहकांमध्ये १५ मिनिटं हवीतच, मालकाशी हे आधीच बोला. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.