धमाका ऐकला, विमान दिसलंच नाही

प्रश्न : 20 मे 2020 ला दुपारी बेंगळुरूत मोठा धमाका होऊन खिडक्या थरथरल्या. हवाई दलाच्या चाचणीचं विमान 36 ते 40 हजार फुटांवर वेग कमी करत असताना हा आवाज झाला असावा, असा खुलासा आला. पण असा धमाका, म्हणजे सॉनिक बूम, विमानाने ध्वनीचा वेग ओलांडतानाच होतो ना? आणि विमान कुणालाच कसं दिसलं नाही?

उत्तर : ‘ओलांडतानाच’ हा शब्द खोडून टाका. वेग ध्वनीपेक्षा जास्त आहे तोवर विमान धक्कालहरींचा (दाबाच्या एकदम उसळणाऱ्या लाटांचा) शंकू सतत मागे ओढत असतं. त्याची कड तुमच्या गच्चीवरून सरकते तेव्हा तुम्हाला धमाका, पुढच्या गावाला थोड्या वेळाने. वेग उतरवताना वेगळा स्फोट होत नाही, चालू असलेला शंकू तेवढा संपत येतो.

आता विमान. 11 किलोमीटर उंचीवर हवा उणे 56 अंश, त्यामुळे ध्वनीचा वेग ताशी सुमारे 1,062 किलोमीटर. जमिनीलगत 15 अंशांना तोच 1,225. 11 किलोमीटरवरून मॅक 1.4 ने, म्हणजे तिथल्या ध्वनीच्या 1.4 पट वेगाने, गेलेल्या विमानाचा धमाका खाली पोचेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद जातात. तेवढ्यात विमान नऊ-दहा किलोमीटर पुढे. आपण पाहतो डोक्यावर!

याच तापमानामुळे एक गंमत होते. त्या उंचीवर ताशी 1,150 ने जाणारं विमान सुपरसॉनिक, म्हणजे तिथल्या ध्वनीहून वेगवान असतं, पण खालच्या उबदार हवेत लहरी वर वळतात आणि जमिनीवर काहीच ऐकू येत नाही.

प्रश्न : कधी एक, कधी दोन धमाके का? काचा खरंच फुटतात?

उत्तर : हवेचा दाब विमानाच्या नाकापाशी एकदम चढतो, मग उतरत वातावरणाच्याही खाली जातो आणि शेपटीपाशी पुन्हा उसळतो. लढाऊ विमान आखूड, दोन्ही उसळ्यांत सेकंदाचा दहावा भाग. कानाला बहुधा एकच धडाका. काँकॉर्ड हे ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान लांब होतं, त्याचे दोन ऐकू यायचे. (पोतराजाच्या आसुडाचा कडाकाही याच जातीचा.)

काँकॉर्डच्या धमाक्याचा दाब सुमारे 93 पास्कल होता, वातावरणाच्या दाबाच्या हजाराव्या भागाहून कमी. तरी एक चौरस मीटर काचेवर हे साडेनऊ किलो वजन झालं, तेही क्षणात आणि लगेच उलट ओढीसह. धड बसवलेली काच हे सोसते. फुटते ती बहुधा आधीच तडा गेलेली किंवा लांबी (काच पक्की करणारा लेप) सुटून चौकटीत खुळखुळणारी.